माडीवरचा पत्रा

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. खाली दुकानात आब्बांचं कापसाचं पिंजण सकाळपासून सुरू व्हायचं. ताणलेल्या तातीवर लाकडी ठोका पडला की तंग, मग तुंग, मग पुन्हा तंग, आणि त्याच्यावर आवाज चढवल्याशिवाय जेवताना मीठ मागितलं तरी कुणाला ऐकू जात नसे. त्यामुळे आम्ही सगळे जन्माचे मोठ्या गळ्याचे झालो. पुढे अमरावतीला शाळेत शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन म्हणाल्या की तुमचा भूगोल आमच्याही मुलांना पाठ व्हायला लागलाय. मी त्यांना काय सांगणार, की बाई, मी अकोल्याच्या पिंजाऱ्याची लेक आहे.

आब्बा गाद्या, उशा, दुलया भरत. कापूस घरात सगळीकडे असे, डाळीत, दुधाच्या पातेल्यात, आब्बांच्या भुवयांत. शाळेत मुली माझ्या वेणीतून कापसाचे पुंजके वेचत आणि मी त्यांना वेचू देई, तेवढीच डोक्याला मालिश. अम्मी ज्वारीची भाकर थापायची आणि तिच्यासोबत जवसाची चटणी, कच्चा कांदा. जवस भाजायचा, त्यात लसूण आणि सुकं तिखट घालून उखळात कुटायचं. आजही मला भूक लागली की जिभेवर पहिल्यांदा ती चटणीच येते. डॉक्टर आता म्हणतात की जवस हृदयाला चांगला. आम्ही तो दुसरं काही नसायचं म्हणून खात होतो. आमच्या बोलण्यातही उर्दू आणि वऱ्हाडी एकाच ताटात वाढलेली असे. भांडण वऱ्हाडीत, दुआ उर्दूत आणि हिशेब ज्याला जे येईल त्यात.

घर काही मोठं नव्हतं. खाली दुकान आणि स्वयंपाकघर, वर एक माडी, आणि माडीला रस्त्याच्या अंगानं दोन हात रुंदीचा सज्जा. पण त्या माडीची दर्शनी भिंत बाहेरून सगळी सागवानी होती. आत मातीविटांची भिंत आणि तिच्यावर बाहेरून उभ्या फळ्या, एकीला एक खेटून बसवलेल्या. आजोबांनी मेळघाटातून बैलगाडीवर तो साग आणला होता, असं आब्बा सांगत. गल्लीत आमच्या घराला कोणी पिंजाऱ्याचं घर म्हणत नसे, सागवाला मकान म्हणत. नवा पोस्टमनही तेवढंच विचारत यायचा. आब्बा तसे साधे, कुडत्याला ठिगळ असलं तरी फिकीर न करणारे, पण संध्याकाळी दुकान बंद केलं की रस्त्याच्या पलीकडे जाऊन, हात मागे बांधून, वर पाहत उभे राहायचे. नमाजला उशीर होतोय असं अम्मीनं ओरडून सांगितलं की मगच हलायचे.

समोरच शाहीनचं घर होतं. गल्ली एवढी अरुंद की त्यांच्या दारातून आमचा सज्जा पूर्ण दिसे आणि आमच्या सज्ज्यातून त्यांच्या चुलीवर काय शिजतंय ते कळे. शाहीनची अम्मी म्हणजे आमची खाला, नात्यानं नव्हे, पण सख्ख्या मावशीनं केलं नसतं एवढं तिनं माझं केलं. शाहीनचे वडील ट्रक चालवत. ते घरी कमी आणि नागपूर, रायपूरच्या रस्त्यावर जास्त असत. शाहीन माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली, माझ्यापेक्षा वीतभर ठेंगणी आणि बोलण्यात माझ्या दुप्पट. तिच्या तोंडी कोणी लागत नसे.

उन्हाळा संपत आला की आब्बा जवसाचं तेल कोमट करून देत आणि आम्ही दोघी फळ्यांना ते पाजायला बसत असू. पिंजाऱ्याच्या घरी बोळ्यांना काय तोटा. मूठभर कापूस तेलात बुडवायचा आणि लाकूड पीत नाही म्हणेपर्यंत चोळायचा. खिडकीखालच्या आखूड फळ्या शाहीनच्या, कारण तिचा हात तिथवरच पोचे. वरच्या लांब फळ्या माझ्या. कोरड्या फळीवरून तेलाचा बोळा फिरला की साग असा काही रंग धरायचा की आम्ही दोघी काही वेळ नुसत्या पाहत राहायचो.

"नसीम, तुह्या फळ्याईले तेल कमी अन् तुह्या डोक्याले जास्त लागून राहिलं," ती म्हणायची. 

"तू आपल्या फळ्या पाय."

"माह्या फळ्या पाहूनच आब्बा खुश होतात. त्याईले इचार." आमच्या आब्बांना तीही आब्बाच म्हणायची. आब्बा खालून हसून ओरडत की दोघींनी तोंडाला तेल लावा आधी, कुरकूर कमी होईल. हातांना तेलाचा वास चार दिवस राही. खाला तो वास घेऊन शाहीनला स्वयंपाकघरात शिवू देत नसे आणि शाहीन मुद्दाम मागून जाऊन तिच्या गालाला हात लावी.

त्या वर्षीही आम्ही तेल लावलं आणि लगेच मामू मला सुट्टीसाठी दर्यापूरला घेऊन गेले. शाहीनही येणार होती, तिची पिशवीसुद्धा भरून तयार होती, पण तिला बारीक ताप होता म्हणून खालानं ठेवून घेतलं. मी बसमध्ये चढताना ती म्हणाली, "तथी काय पायशीन, काळी माती? ये लवकर." त्या काळ्या मातीच्या गावात मी भरपूर हुंदडले. मग अकोल्यात काहीतरी झालं आणि संचारबंदी लागली. काय झालं, कोणी केलं, हे मोठी माणसं दार लावून बोलत, आम्हाला एवढंच कळे की बस बंद आहेत. मामी रोज म्हणायची, उद्या सुटेल. मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. सुट्टी वाढली होती.

मामूंनी परत आणून सोडलं तेव्हा गल्ली धुऊन काढल्यासारखी रिकामी होती. मी वर पाहिलं. सागाचं घर नव्हतंच. माडीच्या आख्ख्या दर्शनी भिंतीवर नवे कोरे सपाट पत्रे ठोकलेले, उन्हात डोळ्यांना टोचणारे. मी अम्मीला जिन्यातच विचारलं की हे काय केलं. अम्मीनं माझ्या हातातली पिशवी घेतली, मला पायरीवर बसवलं आणि शाहीन गेल्याचं सांगितलं. ताप डोक्यात गेला होता. बाहेर निघायला परवानगी नव्हती, परवानगी मिळेपर्यंत उशीर झाला. तिचे वडील रायपूरकडे अडकलेले. कबरस्तानात जायला चौघांनाच मुभा मिळाली, त्यात आब्बा होते. हे सगळं अम्मी एका दमात बोलली. मला आठवतं, पिंजण बंद होतं, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. आमच्या घरात इतकं स्पष्ट मी कधीच काही ऐकलं नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत मी रडले किती आणि पत्र्यावर चिडले किती, हे आता वेगळं सांगता येत नाही. दोन्ही एकत्रच झालं होतं. जिथे ती बसायची, जिथे तिचे हात फिरले होते, ती जागाच आब्बांनी पत्र्याखाली घातली होती. मी आब्बांना विचारलं. ते सुईत दोरा ओवत होते. "फळ्या पावसानं खराब होऊन राहिल्या होत्या, बेटा," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, पण तेल तर आत्ताच लावलं होतं. ते सुई उशीत खुपसून टाके घालायला लागले. त्यानंतर संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहणं त्यांनी सोडलं. मला वाटे, स्वतःच केलेली घाण कोण पाहत बसेल. पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि मी माडीत अंथरुणावर पडून त्या आवाजाचा राग राग करायची.

त्याच पावसाळ्यापासून खालाला काहीतरी झालं. आभाळ भरून आलं की तिचं कशात लक्ष लागेना. थेंब पडायला लागले की ती चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवी आणि दारात येऊन कबरस्तानाच्या दिशेनं पाहत उभी राही, भिजली तरी हलत नसे. पाऊस थांबला की नवऱ्याला, तो नसला तर कोणालाही, टोपलीभर मुरूम घेऊन कबरीवर टाकायला पाठवी. पावसाच्या दिवशी सगळ्या गल्लीत भजी तळली जात, त्यांच्या घरात मात्र तेव्हापासून कढई चढली नाही. बायका म्हणत, लेकरू गेल्यावर असं होतं, वर्षा-दोन वर्षांत उतरेल. ते उतरलं नाही. माझं लग्न झालं, मी अमरावतीला गेले, सुट्टीत माहेरी येत राहिले, आणि दर पावसात खाला दारात उभीच असायची. हळूहळू ते आम्हाला इतकं सवयीचं झालं की कुणी बोलेनासं झालं. दुःखाचीही माणसांना सवय होते, ज्याचं आहे तो सोडून.

आब्बा गेले. पिंजण भिंतीला टांगलं गेलं. पत्रे गंजले तेव्हा माझ्या धाकट्या भावानं त्यांच्यावरून प्लास्टिकचे पॅनेल बसवून घेतले, पांढऱ्यावर करड्या रेघा, संगमरवराचा आव आणणारे. भाऊ पुण्याला, खर्च त्यानं केला, म्हणून मी गप्प बसले, पण सागवाला मकान आता एखाद्या मोबाईलच्या दुकानासारखं दिसायला लागलं. नोकरीतून निवृत्त झाले तेव्हाच ठरवलं की हे सगळं सोलून काढायचं. खाली साग आहे, साग कुठे जात नाही, एवढा एकच विचार डोक्यात होता. अम्मी आता फारशी खाली उतरत नाही, तिच्यासाठी मी महिन्यातले निम्मे दिवस अकोल्यातच असते. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "राहू दे."

"काऊन राहू दे? त्याच्याखाली आजोबांचा साग हाय."

"हाय तं हाय. झाकलेलं हाय, झाकलेलं राहू दे." 

म्हातारपणाची किरकिर समजून मी जठारपेठेतून मिस्त्री बोलावला. प्रल्हाद त्याचं नाव, मध्यमवयीन, बोलायला कमी, कामाला घाई नसलेला. त्यानं एका बाजूनं स्क्रू काढत पॅनेल उतरवायला घेतले. प्लास्टिक उन्हानं इतकं ठिसूळ झालं होतं की हातातच तुकडे पडत होते. मग गंजका पत्रा. पहिला पत्रा निघाला आणि मागे साग दिसला, करडा पडलेला, धुळीनं माखलेला, पण धडधाकट. मी पदरानं एक हातभर जागा पुसली. मला हसू येत होतं आणि रडूही. प्रल्हादलाच म्हटलं, पाहा, काही झालं नाही त्याला. तो म्हणाला, "सागाले काय होते, बाई." दुसरा पत्रा निघाला. तिसरा, खिडकीखालचा, निघाला आणि त्याच्यामागे मातीची भिंत होती. फळ्या नव्हत्या. कुजल्या नव्हत्या, वाळवीनं खाल्ल्या नव्हत्या. वरचे-खालचे खिळ्यांचे डाग जागच्या जागी होते. कुणीतरी व्यवस्थित उचकटून काढल्या होत्या.

प्रल्हाद जेवायला गेला. मी माडीत आले. अम्मी खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती आणि माझ्याकडे नाही, हातातल्या तसबीहच्या मण्यांकडे पाहत होती. "पायलं?" ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. आमच्यात कबरीत मय्यत ठेवली की तिच्यावर आडव्या फळ्या टाकाव्या लागतात, माती अंगावर पडू नये म्हणून, आणि मग माती. त्या दिवसांत लाकडाच्या वखारी बंद होत्या. शाहीनला न्यायची वेळ ठरवून दिलेली, आणि फळ्या कुठेच नाहीत. आब्बा पहाटे सज्ज्यात गेले. खिडकीखालच्या फळ्या आखूड होत्या, कबरीच्या रुंदीला करवतही लावावी लागली नाही. त्यांनी एकेक काढून दुलईत गुंडाळून नेल्या.

"अन् खालाले?"

"तिले सांगतलं का बाजारातल्या संत्र्याच्या पेट्या फोडून फळ्या केल्या. बाकीच्या तिघाईले बी आब्बानं हात जोडले का कोठी बोलू नोका. घर मोडून दिलं असं समजलं असतं तं ती जन्मभर आपल्यापुढे मान वर करून चालली नसती. अन् रोज दार उघडलं का समोर ते भोक. रोज तिले तेच दिसलं असतं. म्हणून पत्रा." अम्मीनं एक मणी पुढे सरकवला. "कर्फ्यू उठेपर्यंत सज्ज्यावर दुलया टाकल्या होत्या. वाळू घातल्यासारख्या."

कितीतरी वेळ मला एकच गोष्ट डोळ्यांपुढून जाईना. त्या फळ्या शाहीनच्या होत्या. तिनं स्वतःच्या हातांनी, बडबड करत, त्यांना तेल पाजलं होतं, आणि तो वास अजून ताजा असेल तेव्हाच त्या तिच्यावर ठेवल्या गेल्या. आणि हे आब्बांनी करून ठेवलं होतं, मला न सांगता, माझा राग तसाच अंगावर घेत, पिंजण चालवत. मला आब्बांना हाक मारावीशी वाटली. मोठ्यानं, पिंजणावरून ऐकू जाईल अशी.

"काहीतरी टाक त्याच्यावर," अम्मी म्हणाली. "तिची दारात बसायची येळ झाली."

मी पेटीतली एक जुनी दुलई काढली आणि सज्ज्यात गेले. उशीर झाला होता. समोर खाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पाठीत वाकलेली, डोळ्यांवर हाताची छाया करून वर पाहत. तिची नजर बरोबर तिथेच होती. 

"नसीम, मधातल्या फळ्या कोठी गेल्या वो?"

मी मागे वळून अम्मीकडे पाहिलं. अम्मीनं डोळे मिटून घेतले. खोटं बोलायला मला एखादा शब्द सुचला असता तर बोलले असते, पण सुचला नाही. दुलई हातात धरूनच मी खाली उतरले, रस्ता ओलांडला, तिच्या खुर्चीजवळ बसले आणि सांगितलं की त्या शाहीनसाठी काढल्या होत्या.

"शाहीनसाठी?" 

"कबरीत टाकायले. आब्बानं काढल्या."

"नाई. त्या संत्र्याच्या पेट्याईच्या होत्या. तुह्या आब्बानं सांगतलं मले."

"ह्याच होत्या, खाला."

तिनं मला वर घेऊन चल म्हटलं. तिची सून, शाहीनच्या धाकट्या भावाची बायको, नको नको म्हणत होती, गुडघे चालत नाहीत, पण खालानं ऐकलं नाही. आम्ही दोघींनी धरून तिला जिना चढवला, पायरी पायरीवर थांबत. सज्ज्यात आल्यावर ती त्या मोकळ्या भिंतीपाशी गेली नाही, शेजारच्या फळीपाशी गेली. तिनं फळीत नख दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. मग मूठ वळून ठोकून पाहिलं.

"अशाच होत्या?"

"अशाच. सागाच्या. तेल लावलेल्या. शाहीननंच लावलं होतं."

खाला फळीला हात लावून तशीच हळूहळू खाली बसली. मी तिला इतक्या वर्षांत दारात उभी पाहिली होती, भिजलेली पाहिली होती, रडताना कधी पाहिली नव्हती. ती रडली ती आवाज न करता, तोंडात पदर कोंबून. "संत्र्याच्या पेटीची फळी," ती म्हणाली, "एका पावसात मोडते. मी मोडून चुलीत घालत होती ना, मले मालूम हाय. मले वाटे, पयल्याच पावसात फळी बसली असन अन् माती तिच्या तोंडावर पडली असन. दर पावसाले मले तेच दिसे. पाणी पडलं का मले तिचं तोंड दिसे." 

अम्मी खाटेवरून उठून खिडकीशी आली होती. गजाला धरून म्हणाली, "आमाले वाटलं, तुले ओझं होईन."

"ओझं कायचं वो," खाला म्हणाली. "सांगायचं होतं."

ती रागानं बोलली नाही. म्हणूनच ते वाक्य मला अजून सहन होत नाही. माझ्या आब्बांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट, आणि ती झाकण्यासाठी त्यांनी केलेली दुसरी, ह्या दोन्हींच्या मधे ती बाई आयुष्यभर पावसात उभी राहिली. आब्बांना तिला जपायचं होतं, आणि आब्बांना लागेल म्हणून तिनंही पेट्यांविषयी कधी तोंड उघडलं नाही. त्यांच्या घरांमधे पाच पावलांची गल्ली होती.

प्रल्हाद जेवून आला तेव्हा खालाच त्याला म्हणाली की जागा भरून टाक, पण सागानंच भर, दुसरं लाकूड लावू नको. त्यानं तसंच केलं. नव्या फळ्या अजून वेगळ्या दिसतात, फिक्या. तेल मी एकटीनंच लावलं, मशीनवर पिंजलेल्या विकतच्या कापसानं. खालच्या फळ्यांना मला गुडघ्यांवर बसावं लागतं आणि आता उठताना खिडकीचा गज धरावा लागतो.

परवा दुपारी जोराचा पाऊस झाला. मी सवयीनं सज्ज्यात जाऊन समोर पाहिलं. खाला दारात होती, पण खुर्चीवर बसलेली, पाय वर घेऊन, आणि आतल्या कुणाला तरी काही सांगत होती. पावसाचा आवाज होता, शब्द कळले नाहीत. थोड्या वेळानं गल्लीत तळणाचा वास आला. मी आत आले. अम्मी भिंतीकडे तोंड करून निजली होती, मला वाटलं झोपली आहे.

"शाहीनच्या घरी भजे तळून राहिले काय?" तिनं विचारलं.

"हाव."

तिनं तो वास छातीभर ओढून घेतला. मग भिंतीकडे पाहतच म्हणाली, "तुह्या आब्बाले हा वास आला पाहिजे होता."